रेफ्युजियमचा दिवा आणि न वाढणारं चेटो (सांगली-सातारा खारे टँकवाले)

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली)

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात खाऱ्या पाण्याचे माशांचे टँक आता बऱ्यापैकी झालेत. आणि प्रश्न फिरून फिरून एकच येतो: "सम्पमध्ये (टँकखालच्या दुसऱ्या टाकीत) चेटो (समुद्री शेवाळ) टाकलंय, जांभळा ग्रो लाइट लावलाय, तरी गोळा आहे तेवढाच. दिवा बदलू का?" फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दिवा बदलण्याआधी पाणी तपासा. प्रकाश, नायट्रेट, फॉस्फेट, लोह आणि पाण्याचा प्रवाह यांतलं जे सगळ्यात कमी पडतं तिथे वाढ अडते. मग बाकीचं कितीही वाढवलं तरी काडीचा फरक पडत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. रेफ्युजियम म्हणजे सम्पमधला एक कप्पा, जिथे आपण मुद्दाम समुद्री शेवाळ वाढवतो. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट-फॉस्फेट ते शेवाळ आपल्या अंगात घेतं. शिवाय त्यात कोपेपॉड, अँफिपॉड असे बारीक जीव मासे खाऊन टाकणार नाहीत अशा जागी वाढतात. चेटो, म्हणजे कीटोमॉर्फा, सगळ्यात सोपं. हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यासारखे कडक, फांद्या नसलेले धागे, कशालाही न चिकटता नुसते तरंगतात.

आता दिवा. हिरव्या शेवाळातलं क्लोरोफिल दोन पट्ट्यांत जास्त प्रकाश घेतं, निळा साधारण ४३० ते ४५० नॅनोमीटर आणि लाल ६४० ते ६६० च्या आसपास. म्हणून ग्रो लाइटमध्ये ४५० ची निळी आणि ६६० ची लाल एलईडी असते आणि उजेड जांभळा दिसतो. असा दिवा चांगला चालतो यात वाद नाही. पण साधा ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी फ्लड लाइटही चालतो, कारण पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो आणि लालही कामापुरता असतो. पांढऱ्याचा माझ्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे शेवाळाचा खरा रंग दिसतो. जांभळ्या उजेडात फिकट पडलेलं चेटोही काळपट निरोगी वाटतं, आणि लक्षात येईपर्यंत ते विरघळायला लागलेलं असतं.

दिव्याची जागा पाण्यापासून वीतभर वर. फार जवळ घेतला तर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे काचेवर बसून मिठाचा पांढरा थर चढतो आणि प्रकाश निम्मा होतो. आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायचा, प्लग काढून.

वेळ टँकच्या उलट. वर दिवा बंद झाला की खाली सुरू. रात्री टँकमध्ये सगळे जीव श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच खाली येतो. त्याच वेळी रेफ्युजियममध्ये प्रकाशसंश्लेषण चालू असेल तर तो वायू वापरला जातो आणि पीएचची घसरण कमी होते. आपल्याकडे दुसरा फायदा उन्हाळ्यात कळतो. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशी गाठतो, तेव्हा दिव्याची उष्णता दुपारी पाण्यात सोडण्यापेक्षा रात्री सोडलेली बरी. बारा ते सोळा तास पुरे.

माझा टँक सम्पसकट साधारण २०० लिटरचा. मासे, कोरडे खडक आणि शेवाळ एवढंच. विचारा काय विचारायचं ते.

---

मिरजकर

दादा, मस्त धागा. एक विचारतो. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप आहे, त्याने दिवा तपासता येतो का? पार मीटर (वनस्पतीच्या कामाचा प्रकाश मोजणारा) आपल्याला परवडणारा नाही.

---

कृष्णाकाठ

पांढरा दिवा असेल तर अंदाज येतो. लक्सच्या आकड्याला साधारण ७० ने भागा, पारच्या जवळपास जाल. चेटोच्या वरच्या थरावर १५० ते ३०० मिळाले तर प्रकाशाची चिंता सोडा. जांभळ्या दिव्यावर मात्र ते ॲप टाकाऊ. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवा सगळ्यात ठळक दिसतो. लाल-निळ्याला लक्समध्ये किंमतच नाही, आकडा कमी येतो आणि माणूस उगाच दुसरा दिवा विकत घेतो.

---

द्राक्षबाग (तासगाव)

आमच्या भावकीतल्या एकाने जतकडे ड्रॅगन फ्रूट लावलंय. हिवाळ्यात रात्री बागेत एलईडी बल्ब लावतात, फळ बिगरहंगामी येतं. ते बल्ब अगदी कमी वॅटचे असतात. तसलेच चार बल्ब सम्पवर लावले तर? घरात पडून आहेत.

---

कृष्णाकाठ

चांगला प्रश्न, कारण दोन्हीकडे दिवाच असला तरी काम वेगळं आहे. ड्रॅगन फ्रूटला फुलं यायला दिवस मोठा लागतो. हिवाळ्यात रात्र मोठी झाली की झाड थांबतं, म्हणून बल्ब लावून रात्र तोडायची. तिथे प्रकाश हा नुसता इशारा आहे, अन्न झाड दिवसा उन्हातून तयार करतं. म्हणून मंद बल्ब पुरतो. सम्पमध्ये ऊन येतच नाही. तिथे दिवा हाच सूर्य, सगळी ऊर्जा त्यातूनच यायची. चार मंद बल्बांनी चेटो जिवंत राहील, पण वाढणार नाही. आणि न वाढणारं चेटो नायट्रेट उचलत नाही. घरातले बल्ब एकत्र करून अगदी जवळ लावून बघा, पण होल्डर उघडे नकोत. खाली खारं पाणी आहे, करंटचा विषय आहे.

---

अजिंक्यतारा (सातारा)

वाचतोय. आमच्याकडे उलटा प्रकार आहे. चेटो सुरुवातीला जोरात वाढलं, दोनदा काढून टाकलं, आणि आता पांढरट होऊन तुटतंय. हातात घेतलं की भुगा होतो. दिवा तोच, ५० वॅट पांढरा. नायट्रेट शून्य दाखवतंय, फॉस्फेट ०.२. नायट्रेट शून्य म्हणजे चांगलंच ना? मग फॉस्फेट का उतरत नाही?

---

कृष्णाकाठ

नायट्रेट शून्य म्हणजे चेटो उपाशी आहे. सगळं दुखणं तिथेच.

समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींसाठी रेडफिल्डचं प्रमाण प्रसिद्ध आहे, कार्बन १०६, नत्र १६, स्फुरद १. पण ते आपल्या शेवाळाला लागू करू नका. तळाला वाढणाऱ्या समुद्री वनस्पतींसाठी ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ साली जे प्रमाण मांडलं ते ५५० : ३० : १ आहे. हे अणूंच्या संख्येचं प्रमाण. टेस्ट किटच्या भाषेत आणलं तर फॉस्फेट १ उचलायला नायट्रेट साधारण २० लागतं. तुमचं ०.२ फॉस्फेट शून्याकडे न्यायचं तर चार पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नायट्रेट खर्च व्हायला हवं, आणि तुमच्याकडे ते नाहीच. म्हणून फॉस्फेट अडकून बसलंय. यात दिवा अजून वाढवलात तर पांढरं पडणं लवकर होईल.

दोन रस्ते. मासे थोडे असतील तर खाणं वाढवा, म्हणजे नत्र येईल, पण त्यासोबत फॉस्फेटही येतं. किंवा नायट्रेट वेगळं द्या. माझं मत दुसऱ्या रस्त्याचं. पाच पीपीएमच्या आसपास टिकवून धरा, आठ-पंधरा दिवसांत नवीन टोकं गर्द हिरवी दिसतात. भुगा झालेला भाग आजच काढून टाका, तो कुजून सगळं परत पाण्यात सोडेल.

---

द्राक्षबाग

नायट्रेट द्यायचं म्हणजे आमचं १३:००:४५ की! घरात पोतं आहे. आणि लोहासाठी मायक्रोन्युट्रिएंट ग्रेड-२ पण आहे. मारू का दोन्ही?

---

प्रयोगशाळा (इस्लामपूर)

थांबा, थांबा. ग्रेड-२ टँकच्या जवळही नेऊ नका! त्यात लोहासोबत जस्त आणि तांबं असतं. पिकाला ते हवं असतं, पण कोळंबी, गोगलगाय, कोपेपॉड यांना तांबं अगदी थोडंही विषारी. ज्या बारीक जीवांसाठी रेफ्युजियम केलं तेच आधी मरतील. शिवाय तांबं खडकात आणि वाळूत मुरतं, नंतर हळूहळू सुटत राहतं. पाणी बदलून सुटका होत नाही.

१३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच. मूळ पदार्थ बरोबर आहे, पण खताचा माल टँकसाठी बनवलेला नसतो, त्यात बाकी काय किती आहे हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. मी रसायनशास्त्र शिकवतो म्हणून सांगतो, प्रयोगशाळेच्या दर्जाचं पोटॅशियम नायट्रेट घ्या. टँकला ते इतकं कमी लागतं की छोटी बाटली खूप दिवस जाते.

हिशेब असा. पोटॅशियम नायट्रेटच्या रेणूभारात १०१ पैकी ६२ भाग नायट्रेट. म्हणजे १ ग्रॅममधून ०.६१ ग्रॅम. २०० लिटरमध्ये १ ग्रॅम टाकलं की साधारण ३ पीपीएम वाढतं. सोबत पोटॅशियम जातं ते २ पीपीएमपेक्षा कमी, आणि समुद्राच्या पाण्यात मुळातच ४०० च्या आसपास असतं, त्यामुळे काळजी नको. ग्लासभर आरओ पाण्यात विरघळवून सम्पमध्ये सावकाश सोडा, दुसऱ्या दिवशी मोजा, मगच पुढचं. एका दिवसात २-३ पीपीएमच्या वर चढवू नका.

---

द्राक्षबाग

बरं झालं विचारलं सर. आज संध्याकाळी टाकणारच होतो.

---

अजिंक्यतारा

सरांचे आणि दादांचे आभार. आणखी एक. आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं, टीडीएस मीटरवर आकडा कमीच असतो. टॉप-अपला (उडालेल्या पाण्याची भर घालायला) थेट वापरतो. चालेल ना?

---

कृष्णाकाठ

नको. टीडीएस मीटर एकूण विरघळलेलं किती ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. सिलिकेट आहे की नाही कळत नाही, आणि सिलिकेट आलं की काचेवर तपकिरी डायटमचा थर आलाच. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. उन्हाळ्यात तुमचं पाणी उडतं किती बघा, मीठ मागेच राहतं आणि तुम्ही रोज वरून भर घालता. नळाच्या पाण्यात जे काही असेल ते असं साठत जातं.

घरच्या आरओचंही नीट बघून घ्या. पिण्याच्या बऱ्याच मशिनांत टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करून पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरणारा) नळकांडा जोडा, मीटरवर शून्य आलं पाहिजे. तासगाव-वाळवा भागातल्या बोअरवाल्यांना तर हे फारच गरजेचं. उसाला-द्राक्षाला घातलेला युरिया शेवटी पाण्यात उतरतो.

---

खणभाग (सांगली)

मला कुणी कॉलर्पा दिलंय, द्राक्षाच्या घोसासारखं दिसतं. फार सुंदर आहे. चेटोऐवजी हेच वाढवलं तर? आणि लाल ग्रॅसिलेरियाबद्दल पण सांगा, टँगला (शेवाळ खाणाऱ्या माशाला) खायला देता येईल म्हणतात.

---

कृष्णाकाठ

ताई, कॉलर्पा दिसायला सुंदर आणि वाढायला वेगवान, पण मी रेफ्युजियमला देत नाही. ही वनस्पती आतून भिंती नसलेली एकच लांबलचक पेशी असते. तिला ताण बसला की कधी कधी आतला सगळा ऐवज बीजांच्या रूपात पाण्यात सोडून देते. रात्री हिरवं होतं ते सकाळी काचेसारखं पारदर्शक, पाणी दुधाळ-हिरवट, आणि तिने इतके दिवस उचललेलं सगळं नायट्रेट-फॉस्फेट परत टँकमध्ये. पाण्यातला ऑक्सिजनही खाली येतो. बरेच हौशी लोक हे टाळायला चोवीस तास दिवा ठेवतात, पण मग रात्रीच्या पीएचचा हिशेब आणि विजेचं बिल दोन्ही बदलतं. ठेवायचंच असेल तर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा आणि वरचेवर छाटत राहा.

आणि एक कळकळीची विनंती, सगळ्यांनाच. छाटलेलं कॉलर्पा कोकणात जाताना समुद्रात टाकू नका, खाडीतही नको. भूमध्य समुद्रात १९८४ साली मोनॅकोजवळ कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटा पट्टा दिसला, तो पुढे हजारो एकरांत पसरला आणि तिथलं समुद्री गवत दाबून टाकलं. २००० साली तेच कॅलिफोर्नियाच्या खाजणात सापडलं. ताडपत्री अंथरून खाली क्लोरीन सोडून मारावं लागलं, पूर्ण संपलं असं जाहीर करायला २००६ उजाडलं. दोन्ही ठिकाणी संशय मत्स्यालयातून सुटलेल्या रोपावरच आहे. कोकणकिनाऱ्याला आपल्या हातून असं काही होऊ नये. उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका.

ग्रॅसिलेरिया मात्र जरूर लावा. लाल शेवाळात फायकोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते ५०० ते ५६५ नॅनोमीटरमधला हिरवा प्रकाश घेतं, जो क्लोरोफिल जवळजवळ सोडून देतं. म्हणून नुसत्या लाल-निळ्या दिव्यापेक्षा पांढऱ्या दिव्यात ते छान रंग धरतं. चेटोपेक्षा कमी उजेड पुरतो, फार झाला तर पिवळट पडतं. त्याला पाण्यात गोल गोल फिरायला आवडतं, एका जागी साचलं की मधून कुजतं. टँग अक्षरशः तुटून पडतो त्यावर.

---

मिरजकर

चेटोला पण फिरवायचं का? माझं सम्पमध्ये गच्च भरलंय, वरून हिरवंगार आहे. मोठा गोळा म्हणजे जास्त नायट्रेट उचलणार, म्हणून काढत नाही.

---

कृष्णाकाठ

उद्या सकाळी एक करा. हात कोपरापर्यंत धुऊन गोळ्याच्या मधोमध घाला आणि आतला भाग उपसून वर आणा. पांढरट-राखाडी, गाळाने माखलेलं, बोटाला बुळबुळीत लागेल आणि खाडीच्या चिखलासारखा वास येईल. प्रकाश वरच्या काही सेंटीमीटरमध्येच संपतो, त्याखालचं सगळं अंधारात असतं. म्हणजे वरचं वाढतंय आणि खालचं कुजतंय, वरच्याने उचललेलं खालचं परत देतंय. बेरीज शून्य.

आणि हे सगळ्यांनी लक्षात घ्या. चेटोने नायट्रेट उचललं म्हणजे ते टँकमधून गेलं असं नाही. ते चेटोच्या अंगात आहे. बाहेर जातं ते तुम्ही मूठभर उपटून बादलीत टाकता तेव्हा. साधा हिशेब सांगतो. पाणी निथळून १०० ग्रॅम चेटो काढलं, त्यात सुका ऐवज दहा टक्के आणि त्यात नत्र तीन टक्के धरलं, तर ०.३ ग्रॅम नत्र बाहेर गेलं. नायट्रेटच्या रूपात ते १.३ ग्रॅम होतं. २०० लिटरच्या टँकमध्ये हे साडेसहा पीपीएमच्या वर भरतं. एका ओंजळीत!

तेव्हा निम्मं काढा. उरलेलं हाताने मोकळं करून सोडा, पंपाचं तोंड तिरकं करून गोळा सावकाश फिरत राहील असं बघा. फिरला की प्रत्येक बाजूला उजेड मिळतो, गाळ बसत नाही, आणि धाग्याभोवती शिळं पाणी साचून राहत नाही. काढलेलं चेटो टँकच्या पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं हलवा, त्यातले कोपेपॉड खाली सुटतात, ते पाणी परत सम्पमध्ये. मग गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन खतात टाकलं तरी चालतं. मीठ जाईपर्यंत धुवा.

---

खणभाग

आमच्या भागात पावसाळ्यात लाइट बराच वेळ जाते. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तर सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी रेफ्युजियमचं काय करायचं? मासे वाचवायचे की चेटो?

---

कृष्णाकाठ

आधी मासे. अंधारात चेटो ऑक्सिजन देत नाही, उलट माशांच्या वाट्याचा घेतं. दोन-तीन तासांचा प्रश्न असेल तर काहीच करू नका, बॅटरीवरचा एअर पंप टँकमध्ये चालू ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त रिटर्न पंप (सम्पचं पाणी वर टँकमध्ये नेणारा) किंवा एक वेव्हमेकर (टँकचं पाणी ढवळणारा) जोडा, दिवा जोडू नका. पण रात्रभर लाइट येणार नाही असं दिसलं तर चेटो उचलून टँकचं पाणी घातलेल्या बादलीत ठेवा, सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन लागणार नाही अशा उजेडात. चार दिवस सहज तगतं. पुरासारख्या काळात ही बादली सोबत नेता येते, टँक नेता येत नाही.

---

अजिंक्यतारा

मी पुढच्या महिन्यात मालवणला जातोय. तिथल्या खडकांवरचं शेवाळ आणलं तर?

---

प्रयोगशाळा

मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी खडकाला धरून वाढणारं शेवाळ उपटलं की बहुतेक वेळा मरतंच, भरती-ओहोटीची सवय असलेलं ते, सम्पमध्ये तग धरत नाही. जिवंत खडकही आणू नका. त्यावर प्रवाळ असेल तर ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. बघायचंच असेल तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय बघून या, मुलांना घेऊन जा.

---

प्रीतिसंगम (कराड)

सगळा धागा वाचला. टँक सहा महिन्यांचा झालाय, क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, नायट्रेट वीसच्या पुढे, काचेवर केसाळ शेवाळ. रेफ्युजियमचा कप्पा रिकामा आहे, पांढरा फ्लड घेऊन ठेवलाय. कुणाकडे चेटो मिळेल का? मुंबईहून मागवलेलं कुजून आलं.

---

मिरजकर

माझ्याकडे निम्मं काढायचंच आहे! उपसून बघितलं, दादा म्हणाले तसंच निघालं, आतून राखाडी. वरचं चांगलं आहे, ते देतो.

---

कृष्णाकाठ

वा, जमलं. पण मिरजकर, पिशवी पाण्याने भरू नका. भरलेल्या पिशवीत हवा राहत नाही, म्हणून कुजतं. चेटो नुसतं ओलं राहील एवढंच पाणी, बाकी हवा, आणि थर्माकोलच्या खोक्यात. दुपारची एसटी नको, सकाळची पहिली.

प्रीतिसंगम, आल्या आल्या सम्पमध्ये टाकू नका. पांढऱ्या ताटात टँकचं पाणी घेऊन त्यात पसरा आणि बारकाईने बघा. तपकिरी, लहान फुलासारखं काही चिकटलं असेल तर तो एप्टेशिया, टँकभर पसरणारा उपद्रवी जीव, तेवढा धागा कापून फेका. मऊ, बारीक केसाळ शेवाळ गुंतलं असेल तर वेचून काढा, नाहीतर चेटोच्या दिव्यावर तेच आधी वाढेल. पहिले चार दिवस दिवा आठ तास, मग हळूहळू बारावर न्या. तुमचं नायट्रेट भरपूर आहे, वेगळं काही घालायचं नाही. फॉस्फेट किती आहे ते लिहिलं नाहीत. किट नसेल तर बाटलीभर पाणी सांगलीला येणाऱ्या कुणासोबत पाठवा, इथे तपासून आकडा टाकतो.